माहेरच्या चढासाठी घेतलेली गाडी

आमच्या पार्किंगमध्ये एक उंच, दांडगी, चारी चाकांना ताकद मिळणारी गाडी उभी असते. रहाटणीतल्या सोसायटीत असल्या गाडीचा काय उपयोग, असं कुणी विचारलं की माझ्या आधी माझी बायको उत्तर देते. मनीषा म्हणते, "ह्यांनी माझ्या माहेरासाठी घेतली." लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी हसतो. त्या हसण्यामागची गोष्ट मी आजवर कुणापाशी काढलेली नाही — मनीषापाशी नाही, आईपाशी नाही, चाकणच्या कंपनीत ज्याच्यासोबत रोज डबा खातो त्या मित्रापाशीही नाही. तुमच्यापाशी काढतोय. नीट जमेल की नाही, माहीत नाही. थोडं आडून आडून येईन, तेवढं चालवून घ्या.

आधी तो चढ सांगतो. राजगुरुनगरहून पश्चिमेला, धरणाच्या कडेकडेनं बरंच आत गेलं की डांबरी रस्ता मारुतीच्या देवळापाशी संपतो. तिथून वर वाडीपर्यंत कच्चा रस्ता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ओढ्याची घळ, मधे दोन वळणं. वर भातखाचरं आणि मनीषाचं घर. तिथं तेव्हा तिचे वडील — आबा — आणि भाऊ दीपक राहायचे.

आमची आधीची गाडी छोटी होती. नवराबायको आणि दोन पिशव्या, एवढ्यासाठी घेतलेली. उन्हाळ्यात मी ती वर न्यायचो. तळहाताला घाम सुटायचा, घळीकडे बघायचोच नाही. वर पोचलो की आबा पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि मी असा चेहरा करायचो की काहीच झालं नाही. पावसाळ्यात मात्र गाडी देवळापाशी लावून चालत जायचो. 'चिखलात कशाला उगाच' — असं म्हणायचो. ह्यात खोटं काय होतं? तोवर काहीच नव्हतं.

त्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळला होता. मनीषा चार दिवस माहेरी गेली होती. रविवारी सकाळी तिचा फोन आला. आबा गोठ्यात घसरून पडले होते, कमरेखालचं काही मोडलं होतं, पाय हलवता येत नव्हता. रुग्णवाहिकेला वेळ लागणार होता आणि ती आली तरी देवळापर्यंतच येणार होती. "तुम्ही गाडी घेऊन वर या," ती म्हणाली. "मागची सीट पाडू, आबांना आडवं झोपवू. लवकर या हो."

मी लगेच निघालो. हे मी मुद्दाम सांगतोय — की मी लगेच निघालो, चाकणच्या चौकात ट्रकांच्या मधून वाट काढली, कुठं चहालाही थांबलो नाही. बघा, मी अजून स्वतःची बाजू मांडतोय. सवय झाली आहे.

देवळापाशी पोचलो. पाऊस थांबला होता, नुसतं भुरभुरत होतं. समोर चढ. लाल, ओला, मधून पाण्याची धार वाहणारा. आणि त्याच्यावर दोन ताज्या खुणा — दुधाची पिकअप सकाळीच वर जाऊन खाली आली होती. तिच्या चाकांचे ठसे पहिल्या वळणापर्यंत स्पष्ट दिसत होते. म्हणजे रस्ता चालू होता. मला ते दिसलं. नीट दिसलं.

मी पहिला गिअर टाकला. आणि क्लच सोडलाच नाही.

का? खूप वेळा विचारलंय स्वतःला. घळ दिसत होती. दुसऱ्या वळणावर चाक सरकलं तर — एवढाच विचार येत होता, परत परत तोच. मी गिअर काढला. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. तेवढ्यात दीपकचा फोन आला. "दाजी, कुठंपर्यंत आलात?"

मी म्हणालो, "अरे, गाडी चढत नाहीये. चाक नुसतं जागेवर फिरतंय."

इंजिन बंद होतं तेव्हा. समोर देवळात एक म्हातारी दिव्याला तेल घालत होती. तिनं ऐकलं असेल का?

दीपक म्हणाला, "बरं. मग आम्हीच आणतो आबांना खाली. तुम्ही गाडी वळवून ठेवा."

इथवर जे झालं त्याला भित्रेपणा म्हणता येईल. माणूस भितो. इथवरचंच असतं तर मी कदाचित कधीतरी मनीषाला सांगूनही टाकलं असतं. पण माझ्या हातात वेळ होता. ते वरून झोळी करून येणार, म्हणजे अर्धा तास तरी लागणार. त्या अर्ध्या तासात मी चालत वर जाऊ शकलो असतो. झोळीला एक खांदा देऊ शकलो असतो. मी काय केलं?

मी गाडीकडे बघितलं. ती स्वच्छ होती. चाकांना डांबरी रस्त्याचं पाणी तेवढं लागलेलं. आणि एकदम डोळ्यांपुढे आलं — ते खाली येतील, गाडी बघतील, चढाकडे बघतील. त्यावर माझ्या चाकांची एकही खूण नाही.

मग मी गाडी चालू केली, डांबर सोडून चढाच्या अगदी तोंडाशी नेली, कडेच्या मऊ मातीत पुढचं चाक घातलं आणि हँडब्रेक ओढून ॲक्सिलरेटर दाबला. चाक फिरलं. चिखल उडाला, दारांवर, काचेवर. खड्डा पडेपर्यंत दाबत राहिलो. मग उतरलो, दोन दगड आणून चाकाखाली टाकले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आणि — हेच सांगायचं होतं, ह्याच्यासाठीच एवढा वळसा घातला — मी खाली वाकून दोन्ही हातांनी चिखल घेतला आणि कोपरापर्यंत माखून घेतला. थोडा शर्टाला पुसला. देवळातली म्हातारी तोवर निघून गेली होती. मी आजूबाजूला कुणी नाही ना, ते दोनदा बघितलं होतं.

मी तिथं हात माखत होतो त्याच वेळी वर, पहिल्या वळणाच्या पलीकडे, झोळी धरलेल्या शेजाऱ्याचा पाय सरकला आणि आबा खाली आपटले. मोडलेल्याच अंगावर. मनीषा छत्री धरून त्यांच्या डोक्याशी चालत होती. नंतर कितीतरी दिवस ती सांगायची, "आबा ओरडले नाहीत. फक्त 'मने' म्हणाले."

ते खाली आले तेव्हा मी धावत पुढे गेलो, झोळीला हात लावला. मनीषानं माझे हात बघितले आणि तिला रडू फुटलं. माझ्यासाठी. "किती झटलात हो," म्हणाली. मी काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती, हात बोलत होते.

गाडी मागे ढकलून काढली, आबांना आडवं झोपवलं आणि दवाखाना गाठला. ऑपरेशन झालं. खुब्याच्या हाडाचे तुकडे झाले होते. ते गोठ्यात झाले की चढावर, हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. 'सांगता येणार नाही' — त्या वाक्याला मी किती घट्ट धरून बसलो! आबा पुन्हा आधाराशिवाय चालले नाहीत. आधी रोज खाचरात उतरणारा माणूस. पुढचे काही महिने ते आमच्याकडे रहाटणीला होते. भेटायला कुणी आलं की पडल्या पडल्या सांगायचे, "गाडी चढंना तर मानूस काय करंल? कोपरापोतर चिखलानं माखला हुता माजा जावई. म्या बगितलं की." मी स्वयंपाकघरात चहा ओतत असायचो.

गाडी घ्यायचं दीपकनं सुचवलं. "दाजी, पुढची घ्याल ती चारी चाकं ओढणारी घ्या." आणि मला काय वाटलं ठाऊक आहे? सुटका झाली असं वाटलं. एवढी दणकट गाडी घेतली म्हणजे आधीची कमी पडत होती हे आपोआप सिद्ध होणार. छोटीच गाडी पुन्हा घेतली असती तर एखाद्या पावसाळ्यात कुणीतरी ती वर नेली असती. मी ऐपतीपेक्षा मोठी निवडली. शोरूममधल्या मुलानं विचारलं, सर, हीच का? मी म्हणालो, सासुरवाडीला चढ आहे. त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. लोक रुबाबासाठी घेतात, डोंगरात भटकायला घेतात. मी माझ्या थापेला पुरावा म्हणून घेतली.

त्याच गाडीतून आबांना परत वाडीला नेलं. देवळापाशी आलो आणि मी थांबलो. मनीषाकडे किल्ली दिली. "तूच ने आबांना दारापर्यंत. तुझं माहेर आहे." तिचे डोळे भरून आले. तिनं गाडी सहज वर नेली. पुढच्या सीटवर आबा बसले होते, त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही आसती तर..." मी मागच्या सीटवर होतो.

तेव्हापासून त्या चढावर गाडी कायम मनीषाच नेते. तिला वाटतं, मी तिला मान देतो. त्या रविवारनंतर मी त्या चढावर एकदाही गाडी नेलेली नाही. चारी चाकं ओढत असूनही नाही.

आबा गेले त्याला दोन वर्षं होतील. आता मोकळं व्हायला हवं होतं, नाही का? पण उलटंच झालं. आमच्यासारख्या गाड्या असणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. मध्ये चाकणच्या पुढे एका ढाब्यावर सगळे जमलो होतो. प्रत्येकानं सांगायचं ठरलं — हीच गाडी का घेतली? चिखलीचे संतोषभाऊ, तिथले मूळचे गाववाले, बिनधास्त म्हणाले, "खरं सांगू का राव? चुलतभावानं घेतली, म्हणून आमी पन घेतली. दुसरं काय न्हाई." सगळे हसले. मला त्यांचा हेवा वाटला. खरं बोलले आणि जेवायला बसले! मग माझी पाळी आली आणि मनीषा उठली. तिनं सगळं सांगितलं — गोठा, झोळी, माझे हात. टाळ्या झाल्या. संतोषभाऊ मला मिठी मारून म्हणाले, "भावा, आता तो चढ बघायचाच. ह्या पावसाळ्यात सगळे येतो."

मी त्या दिवसापासून नीट झोपलो नाही. शिफ्टला जाताना, येताना, एकच — कुणीतरी काहीतरी बोलेल. काय बोलेल ते कळत नव्हतं, पण बोलेल. मी दोनदा तारीख पुढे ढकलायला लावली. शेवटी गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सगळे निघालेच.

त्यात मारुंजीची रेणुका होती. आयटीत काम करते, ग्रुपमध्ये नवीनच. तिची मोठी गाडी दुरुस्तीला गेली होती म्हणून ती घरातली छोटी घेऊन आली. आमची आधीची होती अगदी तसलीच, रंग तेवढा वेगळा. देवळापाशी सगळे थांबलो. रात्रभर पाऊस झाला होता, चढावरून पाणी वाहत होतं. संतोषभाऊ म्हणाले, "ताई, ही हितंच लावा, आमच्यात बसा."

रेणुका चढाकडे बघून म्हणाली, "बघते तरी. नाही चढली तर परत येईन."

नाही चढली तर परत येईन. एवढंच होतं ते. मला हे वाक्य त्या दिवशी का सुचलं नाही?

आमची गाडी पुढे होती, नेहमीसारखी मनीषा चालवत होती. वर अंगणात पोचून आम्ही सगळे कडेला उभे राहिलो. दीपकनं चहा आणला. खाली पहिल्या वळणावर छोटी गाडी दिसली. हळूहळू येत होती. दुसऱ्या वळणावर तिचं चाक जागेवर फिरलं, गाडी थोडी मागं सरकली, थांबली. माझ्या मनात काय आलं तेही सांगतो — चढू नये. अगदी देवाला म्हणतात तसं म्हणालो, ही चढू नये. तिनं चाक जरा वळवलं, पुन्हा हलकेच रेटलं आणि गाडी वर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या.

मनीषानं टाळी वाजवली नाही. ती त्या गाडीकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "चढली की हो."

मी म्हणालो, "आज चिखल कमी आहे."

दीपक शेजारीच ट्रे घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग चढाकडे. "यंदा तर जास्तच हाय, दाजी," म्हणाला आणि उरलेले कप वाटायला पुढे गेला.

मनीषा रेणुकाला घरात घेऊन गेली, तिला खाचरं दाखवली, आबांचा फोटो दाखवला. जेवणं झाली. निघायची वेळ आली तेव्हा ती माझ्यासमोर आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं किल्ली माझ्यापुढे धरली.

"उतरताना तुम्ही चालवा."

सगळे गाड्यांपाशी उभे होते. मी म्हणालो, "खांदा दुखतोय गं सकाळपासून."

माझा खांदा दुखत नव्हता. तिनं किल्ली मुठीत घेतली, दार उघडून बसली आणि गाडी खाली नेली. तिनं अजून काही विचारलेलं नाही. मी अजून काही सांगितलेलं नाही.