दाणा नसलेला दगड

मुलुंडच्या मागच्या डोंगरावर आमचा ग्रुप रविवारी चढायचा. पंधरा-वीस जण, म्होरके एक निवृत्त शाळामास्तर. मी टेलिफोन ऑपरेटर, नवखी. माथ्यावर पोचलो की सर कातळावर काठी आपटून सांगायचे, "हा ग्रॅनाइट! अख्खा सह्याद्री ग्रॅनाइटचा." सगळे माना डोलवायचे. मीही.

शहाऐंशी साली आमच्या सोसायटीच्या जिन्याला लावायची लादी बघायला मी घाटकोपरच्या एका दगडाच्या दुकानात गेले. तिथे ग्रॅनाइट पाहिला आणि चक्रावले. गुलाबी, पांढरे, काळे दाणे, नुसती ठिपक्यांची गर्दी. आमचा डोंगर तर सपाट काळा!

पुढच्या आठवड्यात डोंगरावरचा एक तुकडा रुमालात बांधून परत गेले. पॉलिश करणारे काका भंडाऱ्याकडचे. त्यांनी तुकडा ओला केला, उजेडात फिरवला.

"बाई, याला दाणाच नाही. आमच्या गावाकडं ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत, लहानपणापासून बघतोय. हा तो नव्हे."

"मग हा कोण?"

"ते पुस्तकात बघा."

बघितलं. लायब्ररीतलं इंग्रजी पुस्तक, शेजारी डिक्शनरी, रोज जेवणाच्या सुट्टीत दोन पानं. महिनाभराने कोडं सुटलं. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड होतो, म्हणून दाणे मोठे होतात. आमचा डोंगर उघड्यावर वाहिलेल्या लाव्हाचा, भराभर थिजलेला. दाण्यांना वाढायला वेळच मिळाला नाही. बेसॉल्ट!

त्या रविवारी सरांनी काठी आपटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हा ग्रॅनाइट नाही."

मैत्रिणीने माझा दंड दाबला, "अगं, गप ना!"

"मग काय आहे?" सरांचा आवाज वर्गातला झाला.

दुकानातल्या काकांनी दिलेला ग्रॅनाइटचा तुकडा सॅकमधून काढला, कातळावर ठेवला, भावाचं स्टॅम्प बघायचं भिंग सरांपुढे धरलं. सर गुडघे टेकून बसले. आधी तुकडा पाहिला, मग कातळ, मग पुन्हा तुकडा.

"च्यायला," सर म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द कुणीच ऐकला नव्हता. मग ते उठले, पँट झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इतकी वर्षं मी चुकीचं सांगत आलो. आजपासून दगडांचं ही सांगेल. बोल गं, पहिल्यापासून सांग."

फोनवर दिवसभर 'होल्ड करा' एवढंच बोलणारी मी, त्या माथ्यावर अर्धा तास लाव्हावर बोलले. वाऱ्यात ओरडून. कुणी हललं नाही.

उतरताना जो तो वाटेतला दगड उचलून विचारत होता, "हा कुठला? आणि हा?" निम्म्यांची उत्तरं मला येत नव्हती. ते सगळे दगड मी सॅकमध्ये भरले. खांदे दोन दिवस ठणकत होते आणि मी ऑफिसात उगाच हसत होते.