आईच्या पत्र्यावरची बरणी

मी परभणीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा परिचर आहे. बाटल्या धुणं, उपकरणं पुसणं, मॅडम सांगतील ते उचलून आणणं, एवढं माझं काम. आई सेलूला रुळापलीकडे, वालूरच्या बाजूला एकटी राहते. तिच्या घरापासून दोन शेतं सोडली की जुन्या टायरांतून तेल काढायची भट्टी लागते. भट्टी सुरू झाल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात आईला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, एक तर तो धूर बंद व्हायला पाहिजे, नाहीतर म्हातारीला तिथून हलवा. आई हलायला तयार नव्हती. माझ्या दोन खोल्यांत चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी पिशवी भरून दारात बसली. मग धूर बंद करणं एवढंच हातात उरलं.

लोकांनी अर्ज केले होते. भट्टीवाले म्हणत, पुरावा दाखवा. तेव्हा आमच्या मॅडमनी मोजायचं ठरवलं. टायर तापवताना जे विषारी हायड्रोकार्बन निघतात ते हवेत तसेच राहत नाहीत, असं त्या पोरांना शिकवायच्या आणि मी मागं उभा राहून ऐकायचो. त्यातले जड असतात ते काजळीच्या कणांना चिकटतात आणि कणांसोबत जवळपासच खाली बसतात. हलके वाफेसारखे दूर जातात आणि गारठा पडला की कुठल्यातरी पानावर, मातीवर उतरतात. उरलंसुरलं पाऊस धुऊन खाली आणतो.

म्हणून रुंद तोंडाच्या सहा काचेच्या बरण्या सहा घरांवर महिनाभर उघड्या ठेवायच्या आणि आत काय बसलं ते तपासायचं, असं ठरलं. ठेवायचं-आणायचं काम माझं. भट्टीच्या सगळ्यात जवळची बरणी आईच्या पत्र्यावर. भट्टी हलणार की नाही हे त्याच बरणीवर ठरणार होतं आणि मला ते चांगलं माहीत होतं. पाच घरी मी दम देऊन सांगितलं, हात लावायचा नाही, झाकायचं नाही, पाखरांसाठी पाणी ओतायचं नाही. आईला काहीच सांगितलं नाही. आपलंच घर, तिथं काय सांगायचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

महिन्यानं गेलो. पाच बरण्यांच्या तळाशी काळपट थर होता, कुठं कमी, कुठं जास्त. आईची बरणी पत्र्यावर नव्हतीच. ती ओट्यावर होती, राखेनं घासून लख्ख केलेली. आत मूठभर हुरडा आणि तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेलं.

"लय काळी झाली होती रे," आई म्हणाली. "दुसऱ्याचं भांडं, तसंच कसं द्यावं? अन् रिकामं देऊ न्हाई म्हनून हुरडा घातलाय. बाईंना सांग, आईनं दिलाय म्हनून."

एवढं बोलताना ती दोनदा थांबली, श्वास घ्यायला. मला राग यायला पाहिजे होता. मी तसा तापट आहे, एक बाटली फुटली तर कॉलेजातल्या पोरांना सोलून काढतो. त्या दिवशी आत काही हललंच नाही. बरणी पिशवीत घातली, फडकं आईला परत दिलं आणि निघालो. एसटीत हुरडा खाल्ला. कोवळा होता, चांगला होता.

प्रत्येक बरणीसोबत एक कागद भरायचा होता. त्यात एक रकाना असा, मधल्या काळात कुणी हात लावला का? पाच कागदांवर मी 'नाही' लिहिलं आणि सहाव्यावरही हात त्याच ओघात गेला. मॅडमना काय सांगणार होतो? इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाच्या आईनं नमुना राखेनं घासला? मला लाज वाटली. दुसरं काही मोठं कारण नव्हतं. सहातली एक बरणी, तिनं काय बिघडतंय, असंही वाटलं.

आईच्या बरणीचा आकडा सगळ्यात कमी आला. मॅडमनी तो पुन्हा एकदा तपासला. मग त्यांनी स्वतःच अर्थ लावला. चिमणी उंच आहे, म्हणून धूर जवळच्या घरांवरून निघून जातो आणि पुढं जाऊन खाली बसतो. मी तेव्हा शेजारचं टेबल पुसत होतो. सांगायला तोंड होतं, वेळ होता, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ते टेबल पुसून झालं तसं मी पुढचं पुसायला घेतलं.

लोकांच्या अर्जांवर बैठक झाली, तिथं भट्टीवाल्यांनी मॅडमच्या आकड्यांचाच कागद पुढं केला. सगळ्यात जवळचं घर सगळ्यात स्वच्छ, मग आमच्या धुराचा दोष काय? भट्टी होती तिथंच राहिली.

आता मी दर रविवारी सेलूला जातो. आई दारं-खिडक्या लावून आत बसते, श्वासाचा पंप उशाशी ठेवते. मी औषधं देतो, जेवतो, संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. मागच्या रविवारी तिनं सहज विचारलं, "बाई काय म्हनल्या रे? माझी बरनी कशी निघाली?"

"सगळ्यात स्वच्छ," मी म्हणालो.

तिला लय बरं वाटलं. भिंतीला धरून उठली, दार उघडलं आणि धापा टाकत शेजारणीला सांगायला गेली.