काकूंची हिंदी

गिरिजाकाकू मूळच्या कऱ्हाडजवळच्या एका खेड्यातल्या. लग्न झालं तेव्हा त्यांना हिंदीचं एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. नवरा फौजेत. बदल्या होत होत शेवटी जयपूर आलं, आणि सुभेदार आनंदराव निवृत्त झाल्यावर त्यांनी मुरलीपुऱ्यात दोन खोल्यांवर एक खोली असं घर बांधलं. वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाडेकरू होते. मी सांगलीची सावनी, कंपनीच्या नोकरीसाठी जयपूरला आलेली. मी राहायला आले तेव्हा आनंदराव जाऊन वर्ष झालं होतं. खाली काकू आणि त्यांची मुलगी भार्गवी, एवढ्या दोघीच.

तोपर्यंत काकूंची हिंदी अशी झाली होती की गल्लीतल्या बायका भांडण मिटवायला त्यांना बोलवत. सीकर रोडने वर गेलं की फौजी गावंच गावं. तिथल्या विधवांची पेन्शनची कामं अडली की त्या बस पकडून काकूंकडे यायच्या. घुंगट घेतलेली बाई साहेबासमोर तोंड उघडत नाही. काकू तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या आणि तिच्या वतीने बोलायच्या. एकदा रजेच्या दिवशी मी सोबत गेले होते. कारकून म्हणाला, कागद वरून आला नाही. काकू शांतपणे म्हणाल्या, "तो ऊपर फोन लगाइए भैया, हम बैठे हैं." दीड तास बसल्या. काम झालं.

घरात मात्र एक गोष्ट वेगळी होती. आनंदरावांनी ठरवलं होतं की मुलगी इथल्या शाळेत मागे पडायला नको, म्हणून तिच्याशी हिंदीच बोलायची. काकूंनी ते पाळलं. भार्गवीला मराठी समजायची अर्धीमुर्धी, बोलताना अडखळायची. ती आता जवाहर नगरच्या एका शाळेत शिकवत होती. मी आले आणि काकूंना गावाकडची बोली बोलायला माणूस मिळालं. मी जिना उतरले की, "आलीस व्हय? च्या टाकू का?" ठरलेलंच.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सीकरकडची एक विधवा बनी पार्कात पेन्शनच्या एका ऑफिसात येऊन थांबणार होती. काकूंना तिथे पोचायचं होतं. माझं ऑफिसही त्याच वाटेवर पुढे, म्हणून मी मोबाइलवरून टॅक्सी मागवली. ड्रायव्हर बावीस-तेवीसचा असेल. आम्ही बसल्यावर म्हणाला, "मैडम, राइड कैंसिल कर दो ना, पैसे सीधे मुझे दे देना." कंपनी फार कापून घेते म्हणाला. मी आधीही दोनतीनदा असं केलं होतं. मी बटण दाबलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

मागच्या सीटचे पट्टे सीटच्या कव्हराखाली गेले होते. मी एकदा हात घालून पाहिलं, सापडला नाही, सोडून दिलं. काकू तर मागे बसून पट्टा लावायचा असतो हे ऐकूनच हसल्या असत्या.

चौमू पुलिया नावाच्या चौकाच्या अलीकडे पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला. आमची गाडी त्याच्यावर गेली. वेग फार नव्हता. माझा गुडघा आपटला. काकूंचं कपाळ पुढच्या सीटच्या मागच्या बाजूवर आदळलं. ठक्क असा आवाज मी ऐकला.

रक्त नव्हतं. डाव्या भुवईच्या वर टेंगूळ आलं होतं, लिंबाएवढं. ड्रायव्हर पोरगा बाहेर उतरून रडत होता. हात जोडून म्हणाला, "कंप्लेंट मत करना मैडम, नई नई आईडी है मेरी." काकूच त्याला म्हणाल्या, "अरे बेटा, रो मत. पहले पानी पी ले." आपल्या पिशवीतली बाटली त्याच्या हातात दिली.

मी विचारलं, "काकू, दवाखान्यात जाऊ या का?"

"कशाला? ती बाई तिकडं वाट बघत असंल."

मला एक गोष्ट ठाऊक होती. काकूंच्या हृदयात कृत्रिम झडप होती आणि त्या रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायच्या. ती गोळी कितीदा मीच मेडिकलमधून आणून दिली होती. भाजी चिरताना बोट कापलं तर अर्धा तास रक्त थांबायचं नाही, हे मी पाहिलेलं. पण वर रक्त दिसलं नाही, आणि आत काही होत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला साडेदहाची मीटिंग होती. गाडीचा नंबर टिपला नाही, फोटो काढला नाही. आम्ही रिक्षा केली. काकू ऑफिसात गेल्या, त्या बाईसाठी तासभर बोलल्या आणि काम करून घरी आल्या. भार्गवीला आम्ही एवढंच सांगितलं की टॅक्सीला जरा धक्का लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. कपाळाला बाम चोळून फडकं बांधून बसल्या. तिसऱ्या दिवशी जेवल्या नाहीत, झोपूनच होत्या. भार्गवी म्हणाली, थकवा असेल, परीक्षेचे पेपर संपले की डॉक्टरकडे नेते.

चौथ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात उभा राहून हसत होता. वर माझ्याकडे बघून म्हणाला, "दीदी, आज माताजी मज़ाक कर रही हैं." काकू पातेलं धरून उभ्या होत्या आणि त्याला सांगत होत्या, "आज एकच लिटर घाल, उद्या नको." पुन्हा पुन्हा तेच, आवाज चढवून. त्याला कळत का नाही, हे त्यांना कळत नव्हतं. उजव्या हातातलं पातेलं एका बाजूला कलत होतं.

आम्ही त्यांना जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तरुण डॉक्टरने विचारलं, "माताजी, आपका नाम क्या है? आज कौन सा दिन है?"

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय इचारतोय गं ह्यो?"

मी मराठीत विचारलं. त्यांनी थांबत थांबत नाव सांगितलं, गुरुवार सांगितला. डॉक्टर तोवर कागदावर लिहून मोकळा झाला होता की पेशंट असंबद्ध बोलते. मी म्हणाले, "बरोबर बोलतायत त्या. मराठीत बोलतायत." मग त्याने विचारलं, डोक्याला मार लागला होता का? कधी? कुठली गोळी चालू आहे? मी गोळीचं नाव सांगितलं आणि त्याचा चेहरा बदलला.

स्कॅनमध्ये दिसलं की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त साठलं होतं. चार दिवस थेंब थेंब झिरपत. संध्याकाळच्या आत ऑपरेशन केलं. मोठ्या डॉक्टरांनी नंतर भार्गवीला समजावलं, मी बाजूलाच उभी होते. ही गोळी घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार बसला तर जखम असो-नसो, त्याच दिवशी स्कॅन करायचा. डोकेदुखीची वाट बघायची नाही. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

पोलीस चौकीत आम्ही आठव्या दिवशी गेलो. हवालदाराने विचारलं, गाडीचा नंबर? मी फोन पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: ही राइड तुम्ही रद्द केली आहे. नंबरही तिथेच होता, पण हवालदार म्हणाला, राइडच झाली नव्हती तर अपघात कुठून होणार? टॅक्सी कंपनीकडून तेच उत्तर आलं, नम्र भाषेत. प्रवाशाचा विमा प्रवास चालू असेल तरच लागू. चौकीतून त्या गाडीच्या मालकाला फोन गेला. तो म्हणाला, गाडी त्या दिवशी गॅरेजमध्ये होती.

रद्द केल्याचं मी भार्गवीला आधी बोलले नव्हते. तिने ते तिथे, हवालदाराच्या टेबलापाशी, माझ्या फोनवर वाचलं.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "भार्गवी, माझं चुकलं."

ती रिक्षा थांबवायला पुढे गेली. मग म्हणाली, "अभी मत बोलो. प्लीज़." महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

काकू घरी आल्या. उजवा हात उचलेना. मराठी हळूहळू बरीचशी परत आली. हिंदी आली नाही. डॉक्टर म्हणाले, काहीजणांत असं होतं, नंतर शिकलेली भाषा जाते, लहानपणची उरते. पुढे येईल का, हे सांगता येत नाही.

गल्लीतल्या बायका सुरुवातीला रोज यायच्या, फळं घेऊन. काकू त्यांच्याशी बोलायच्या, त्या मान हलवायच्या. मग येणं कमी झालं. बनी पार्कातलं काम ज्या विधवेचं झालं, ती तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन आली. घुंगटाआडून काकूंचा हात धरून रडली. काकूंनी मला विचारलं, "ही कोण? हिचं काय अडलंय?"

एप्रिलमधल्या एका रविवारी मी काकूंचे केस विंचरत होते. भार्गवी समोर वाटीत खिचडी कालवत होती. काकू म्हणाल्या, "सावनी, माझी पोर माझ्यावर रागावली का गं? माझ्याशी बोलतच न्हाई. नुसतं कायबाय आवाज करती."

भार्गवीने वर बघितलं. "क्या कहा आई ने?"

'भूक लागली म्हणाल्या', असं सांगता आलं असतं. पण एकदा लपवून झालं होतं. मी जसंच्या तसं सांगितलं. ती वाटी खाली ठेवून बाहेर व्हरांड्यात गेली. आत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. आईसमोर बसून म्हणाली, "आई, मी रागावली नाही आहे. मला... मला येत नाही बोलायला."

काकूंनी डाव्या हाताने तिचा गाल चाचपला. "मग शीक की," म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी ऑफिसातून आले की ती रोज वर यायची, वही घेऊन. उशी, पाठ, कड, गार, दुखतंय, नको. असे शब्द. काकूंची बोली माझ्या शहरी मराठीपेक्षा वेगळी, त्यामुळे मी शिकवलेलंही खाली जाऊन कधीकधी चुकायचं. मग काकू चिडायच्या आणि चिडल्या की त्यांचे शब्द आणखी अडकायचे. एकदा त्या काहीतरी मागत होत्या, आम्हा दोघींनाही कळेना. अर्धा तास गेला. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. काय हवं होतं ते आम्हाला अजून माहीत नाही.

दिवाळीनंतर माझी बदली पुण्याला झाली. मी ती दोनदा पुढे ढकलली होती, तिसऱ्यांदा कंपनीने ऐकलं नाही. निघताना भार्गवीने मला स्टेशनपर्यंत सोडलं. बसने गेलो आम्ही. प्लॅटफॉर्मवर तिने मला मिठी मारली, पण 'जे झालं ते विसर' असं ती म्हणाली नाही. मीही तशी अपेक्षा धरली नव्हती.

आता रविवारी सकाळी मी फोन लावते. भार्गवी फोन काकूंच्या कानाला धरते. काकू विचारतात, "जेवलीस का?" मी हो म्हणते. मग त्या दम खात खात त्यांच्या गावची नदी, म्हशी, थोरली बहीण, असलं सांगत राहतात. मुरलीपुऱ्याचं, पेन्शनच्या ऑफिसांचं, त्यांनी बोलून सोडवलेल्या कामांचं त्यात काहीच नसतं.