कड्यापुढचा लिंब

हसनाबादच्या अलीकडे, आमच्या शेताच्या बांधाला लागून एक काळा कडा आहे. डोंगर म्हणावा असं आमच्या मुलखात फारसं काही नाही, त्यामुळे आम्ही त्या कड्यालाच हिमालय समजत आलो. नागपंचमीला पंचक्रोशीतले तरणे गडी तो चढायचे. जो आधी वर जाऊन निशाण लावील त्याला फेटा मिळायचा, आणि जो नुसता चढेल त्याला जन्मभर मिशीला पीळ द्यायचा हक्क. लग्नाच्या मुलींचे बापही बघायला येत. जावयानं कडा चढून पुढे काय करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

कड्याच्या पायथ्याशी, आमच्याच हद्दीत, एक जुना लिंब होता. पंचमीला आम्हा मुलींचा झोका त्यालाच असायचा. दोर बांधायला मी वर चढायची, आणि वर गेलं की पुरुषांनी पिढ्यान्पिढ्या जपलेलं गुपित समोर दिसायचं. कडा खालून दोन पुरुष उंचीपर्यंत इतका गुळगुळीत की पालही घसरून पडावी. पण लिंबाची एक जाड फांदी थेट कड्याच्या खाचेला टेकली होती, आणि तिची साल पाय घासून घासून झिजली होती. गडी महादेवाच्या नावानं आरोळी ठोकत लिंबाआड जायचे, फांदीवरून खाचेत पाय टाकायचे आणि पानांच्या वर उगवायचे. पुढची चढण शेळ्याही चढत. बघणाऱ्यांना खालचं काही दिसत नसे. जो चढला त्यालाच हे कळे, आणि जो चढला तो कशाला बोलेल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पोलिस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली असतील. भाऊला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मंठ्याकडचं स्थळ आलं होतं. मुलीचा बाप पंचमीला हसनाबादेत बहिणीकडे येणार होता आणि भाऊला कडा चढताना बघून मग शब्द देणार होता. भाऊनं ती मुलगी एका लग्नात पाहिली होती. मीही त्या लग्नाला होते, म्हणून तो मला सारखा विचारायचा, ती काय बोलली, कशाला हसली. इतका लाजरा माणूस, पण तेवढं विचारताना लाजायचा नाही. कडा मात्र तो त्याआधी कधी चढला नव्हता.

आमच्या वडिलांना आम्ही बापू म्हणायचो. पाहुण्यांसाठी मांडव कुठे घालावा हे बघताना त्यांच्या लक्षात आलं, की मध्ये येणाऱ्या लिंबामुळे कड्याचा खालचा भाग दिसत नाही. पोरगा पहिल्या पावलापासून दिसला पाहिजे. झालं, लिंब तोडायचा. पटवाऱ्यानं सांगून बघितलं, की झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी तहसिलीची परवानगी लागते. बापूंनी त्यालाच कारभार शिकवला. निजाम गेला, मंग निजामाचे कायदे कशाला राह्यले? वर पंचमीला आमच्याकडे काही चिरत-कापत नाहीत, भाजीसुद्धा नाही. बापू धर्माला धरून चालणारे. त्यांनी लिंब आदल्या दिवशी तोडायला घेतला.

मी आईला फांदीचं सांगितलं, आईनं बापूंना सांगितलं. बापू हसले. "झाडाचा काय संबंध? म्या सरळ कड्यावरूनच चढल्तो."

बापूंच्या तरुणपणच्या त्या चढाईची गोष्ट आम्ही दर वर्षी ऐकत आलो होतो. त्या दिवशी मला कळलं, की बापू कधी चढलेच नव्हते. गावातले चढलेले सगळे त्या वेळी कुऱ्हाडीभोवती उभे होते. तोडू नका म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं.  झाड पाडायच्या दोराला त्यांतल्या दोघांनी हात लावला.

पंचमीला पंचक्रोशीतले गडी आले, उघडा कडा पाहिला, आणि एकदम कुणाचा पाय मुरगळला, कुणाच्या पोटात दुखायला लागलं. भाऊला मात्र पाय मुरगळून घेण्याची सोय नव्हती. मांडवात मुलीचा बाप बसलेला. भाऊ कड्याला भिडला आणि घसरला, पुन्हा भिडला आणि पुन्हा घसरला. गुडघे फुटले, तळहात सोलले. शेवटी तो मांडवासमोर येऊन उभा राहिला.

"बापू, तुम्ही कुठं पाय देऊन चढल्ते? तेवढं सांगा."

बापूंनी कड्याकडे पाहिलं. "सरळ," ते म्हणाले. रांगेत बसलेल्या जाणत्यांनी माना डोलावल्या. तेही सगळे सरळच चढले होते. पाहुण्यांनी पुरणाची दिंडं खाल्ली आणि कळवतो म्हणून उठले. पण त्यांच्या हसनाबादच्या बहिणीकडून निरोप आला, की ते काही नाराज नाहीत. कडा ओला होता, त्या दिवशी कुणीच चढलं नाही, मग या एका पोराचा काय दोष. भाऊ तो दिवसभर शीळ घालत होता.

पुढे भावकीतल्या कुणीतरी परवानगीशिवाय झाड तोडल्याचा तहसिलीत अर्ज केला आणि गिरदावर, म्हणजे पटवाऱ्यांवरचा अंमलदार, चौकशीला आला. पंच म्हणून त्यानं हसनाबादचीही माणसं बोलावली, त्यांत मुलीच्या बापाचे मेव्हणे होते. त्या पंचमीआधी ते कधी कड्याकडे आले नव्हते. लिंबाचा बुडखा समोर, त्यातून डिंक गळतोय, आणि गिरदावर एकेकाला विचारतोय, इथे झाड होतं का? झाड होतं म्हणावं, तर ते गेल्यावरच चढणं का थांबलं हे उघड होऊन साऱ्या गावाच्या मिशा गळणार. एकेक जाणता पुढे आला आणि म्हणाला, "बिलकुल न्हाई साहेब. हा कडा आधीपासून उघडाच. आमी समदे असाच चढलो." मग हा बुडखा कशाचा, असं गिरदावरानं विचारलं. तो पहिल्यापासून बुडखाच आहे, असं त्याला सांगण्यात आलं. आम्हा बायकांना विचारायची पद्धत नव्हती.

सगळ्यांच्या शेवटी भाऊला विचारलं. फांदीचं मी त्याला पंचमीनंतर सांगितलं होतं. त्यानं खरं सांगितलं असतं, तर तिथल्या तिथे मेव्हण्यांना कळलं असतं, की आजवर एकही माईचा लाल उघडा कडा चढलेला नाही. पण मग बापूंवर खटला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. भाऊनं बुडख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"झाड नव्हतं साहेब," तो म्हणाला.

गिरदावर हसत निघून गेला. मंठ्याहून नकार आला. गावातले म्हातारेसुद्धा ज्या उघड्या कड्यावर चढून गेले, तिथे ज्याला पाय टेकता आला नाही, त्याला लेक कशी द्यावी? मला इतका राग आला, की मी चार दिवस बापूंच्या पुढ्यात ताट ठेवलं नाही. भाऊनंच ते ठेवलं.

पुढे भाऊचं लग्न दुसरीकडे झालं, संसारही बरा झाला. लिंबाच्या लाकडाची बापूंनी ऐसपैस बाज करून घेतली. पंचमीला पाहुणे आले, की तिच्यावर बसून ते कड्याकडे बोट दाखवायचे. "आमच्या येळंला समदं गाव सरळ चढायचं. आमचा पोरगा तेवढा राह्यला." भाऊ शेजारी बसून पाहुण्यांना पान लावून देत असायचा.