काय जमणार न्हाय

“आधी ह्याला काय जमणार न्हाय ते सांगा.”

नवं काहीही समोर आलं की सर डोळे बारीक करून हेच विचारायचे. मी स्टाफरूममध्ये नवा मोबाईल दाखवला तेव्हाही, आणि एका बाईंनी भाचीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो दाखवला तेव्हाही. बाई आठवडाभर बोलल्या नाहीत.

बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सर आणि मी शिकवायचो. मी कायम, ते तासिका तत्त्वावर. त्यांचं गाव कळंब. विषय थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, म्हणजे कागदावरची यंत्रं आणि कुठल्या यंत्राची धाव कुठवर.

“पहिल्या यंत्राला आपण आत्ता कुठं हाय, एवढंच कळतं,” ते पोरांना सांगायचे. “कंसात कंस उघडत गेलात, तर सगळे मिटले का हे त्याला सांगता येत न्हाय. दुसऱ्याला ताटांची चवड द्या; कंस उघडला की ताट ठेवायचं, मिटला की उचलायचं, कंस जुळवतंय. तिसऱ्याला न संपणारी कागदाची पट्टी द्या, कुठलाबी कॉम्प्युटर त्याच्यापुढं जात न्हाय. आन् तरीबी त्याला एक जमत न्हाय.”

कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की कायम फिरत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. ही सिद्धता मांडताना तो काटकुळा माणूस देखणा दिसायचा.

मग संस्थेच्या अध्यक्षांच्या जावयाने सॉफ्टवेअर काढलं. भरल्या सभागृहात तो म्हणाला, “कोणताही प्रोग्रॅम टाका. थांबेल की फिरत अडकेल, हे आम्ही दर वेळी अचूक सांगतो.”

सर उठले. “न्हाय जमणार, साहेब.”

“पुढच्या व्हर्जनमध्ये जमेल.”

“कधीच न्हाय. ते सिद्ध झालंय. ‘काही प्रोग्रॅमचं सांगतो’ असं म्हणा, पहिली टाळी माझी.”

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी शेजारी वाकून विचारलं, “हा कोण?”

पुढच्या सत्रात सरांना एकही तास मिळाला नाही. मी प्राचार्यांकडे गेलो. “त्यांचं बरोबर होतं.”

“असेल. पण माणसानं प्रसंग बघावा.”

सॉफ्टवेअरला संस्थेचाच पुरस्कार मिळाला. विषय आता दुसरं कुणी शिकवतं. सिद्धता गाळतात, परीक्षेला येत नाही म्हणून.

परवा इंदापुरात एसटी स्टँडजवळ सर भेटले. एका क्लासमध्ये दहावीचं गणित घेतात. क्लासच्या जिन्यावर फ्लेक्स होता. त्यावर कोट घातलेले सर आणि खाली लाल अक्षरं: ‘कोणताही विद्यार्थी द्या, पैकीच्या पैकी मार्कांची हमी!’

मी वर बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

“वाचू नका,” ते म्हणाले, आणि जिना चढून गेले.