थेंबाचं भिंग

लेकीच्या प्रयोगशाळेत कॅमेऱ्याला काचेचं भिंग नव्हतं, मोहरीएवढा एक थेंब होता. तिनं वीज कमीजास्त केली की तो फुगायचा नाहीतर चपटा व्हायचा, आणि पडद्यावर कधी जवळची सुई स्पष्ट दिसायची, कधी खिडकीबाहेरचं झाड.

"बाबा, टेबलाला टेकू नका, थेंब हलतो."

मी हात काढून घेतला, पण आतली चुळबुळ थांबेना. मोतीबिंदू काढल्यावर माझ्या डोळ्यांत बसवलेली भिंगं फक्त लांबचं दाखवतात. बसच्या पाट्या लख्ख दिसतात, जवळ आलेलं माणूस पुसट होतं. एवढासा थेंब दोन्ही सांभाळतो, आणि मी घरी विसरलेल्या चष्म्यासाठी खिसे चाचपतोय.

ती रंगून बोलत होती. तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून मी जरा मागे सरकलो.

ती थांबली. "इतक्यात निघालात?"