उतारावरचा गहू

पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत मी वाढले. आता नाते गावाजवळच्या शाळेत इतिहास शिकवते.

दोन वर्षांपूर्वी महाडला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय होता, पहिले शेतकरी. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकांनी नदीकाठचा गहू, जव सांगितला आणि मग सहज म्हणाले की, डोंगरातली माणसं मागासलेली, म्हणून नाचणी-वरीवर राहिली. काहींनी ते वहीत उतरवूनही घेतलं. मी उभी राहिले.

"सर, आमच्या उतारावर गहू घेऊन दाखवा."

त्यांनी बसायला सांगितलं. मी बसले नाही. सांगितलं की आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, पण वरची माती जेमतेम वीतभर, खाली कातळ. पाऊस सरला की ती वाळून जाते, आणि गहू तर पाऊस सरल्यावरच पेरायचा. पाणी साचतं खालच्या खाचरात, म्हणून तिथं भात आणि वर पावसातच पिकणारी नाचणी. हजारो वर्षांपूर्वी इथं पहिल्यांदा काय पेरलं ते मला ठाऊक नाही. पण पेरणाऱ्यापुढे हाच उतार होता, हाच पाऊस होता. ज्यानं तो ओळखला, तो मागास कसा?

त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

घरी आईला सांगितलं, तर ती हसायला लागली. तिचं माहेर घाटावरचं. लग्नानंतर नाचणीची भाकरी तिच्या घशाखाली उतरेना, म्हणून तिनं माहेरून गव्हाचं बी आणलं आणि सगळे नको म्हणत असताना दिवाळीनंतर उतारावर पेरलं. बोटभर उगवलं नि करपलं. पुढच्या पावसात तिनं तिथंच नाचणी लावली.

"हरले नाय गो मी," ती म्हणाली. "जमीन समजली मला."

त्या आठवड्यात मी मुलांना घरच्या शेतातली माती आणायला लावली. तळाला भोकं पाडलेल्या डब्यांत ती भरून वरून पाणी ओतलं. उताराच्या मातीतून पाणी भराभर गळून गेलं, खाचराची चिकट माती दुसऱ्या दिवशीही ओली होती. कुठं काय पेराल, हे मुलांनीच सांगितलं.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. परीक्षेत पुस्तकातलंच विचारतात, म्हणाले. मी म्हटलं, परीक्षेत मुलं पुस्तकातलं लिहितील. वर्गात मात्र मी हेच शिकवणार. ते नाराज झाले. हे जे म्हणता ते लेखी द्या, म्हणाले. मी तिथंच, त्यांच्या टेबलावर, लिहून दिलं आणि खाली सही केली.